डंप व्हॉल्व्ह नेमका कशासाठी असतो? (आवाज सोडून बोला)

निळी_हॅचबॅक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

माझ्याकडे एक लिटरची टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे, मॅन्युअल गिअरची. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादापासून "आमची तुमच्यापेक्षा बरी" सुरू होईल. परवा सांगलीत सीट कव्हर घालायला गेलो, तर अ‍ॅक्सेसरीवाल्यानं कपाटातून एक चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा डबा काढून समोर ठेवला. "डंप व्हॉल्व्ह हाय साहेब. टर्बो मोकळा हुतो, पिकअप वाढतो, आन् गिअर टाकला की असा आवाज येतो की म्होरचा आपोआप साइड देतो." किंमत ऐकून मी सीट कव्हरवरच थांबलो, पण विषय डोक्यातून जाईना.

हा प्रकार करतो तरी काय? खरंच पिकअप वाढतो? माझ्या गाडीत कंपनीनं तो आधीच दिला असेल तर मला कधी ऐकू कसा आला नाही? आणि आमच्या सोसायटीत एकाच्या डिझेल एसयूव्हीतून 'फिस्स्' येतं ते काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा. जाणकार नसलेल्यांनी टाकला तरी हरकत नाही, तसंही इथे तेच जास्त टाकतात.

उगाचच

पहाटे साडेपाचला अख्खी गल्ली उठवण्यासाठी असतो. आमच्याकडे एक आहे. धागा बंद करायला हरकत नाही.

प्रेसशॉप_पिंपरी

आवाज सोडून बोला म्हणालात, म्हणून थ्रॉटलपासून सुरुवात करतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

पेट्रोल गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबता तेव्हा तुम्ही हवेची झडप उघडत असता. ती झडप म्हणजे थ्रॉटल, इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या पाइपाच्या) तोंडाशी बसलेली. टर्बोचा कंप्रेसर, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा ठासणारं चाक, तिच्या अलीकडे, आणि दोघांच्या मध्ये ती हवा गार करणारा इंटरकूलर व त्याचे पाइप. गाडी जोर लावून चालली असताना त्या पाइपांत दाबाखालची हवा ठासून भरलेली असते. आता गिअर बदलायला तुम्ही पाय उचलला. थ्रॉटल क्षणात बंद. पण टर्बोचं चाक त्या वेळी मिनिटाला लाख-दीड लाख फेऱ्यांनी फिरत असतं, आणि त्याला काही ब्रेक नसतो. ते हवा ढकलतच राहतं. दादरच्या पुलावर पुढचं गेट लावलं आणि मागे लोकल रिकाम्या होतच राहिल्या तर जे होईल, तेच त्या पाइपात होतं. पुढे वाट नाही, दाब चढतो, आणि शेवटी हवा आली त्याच वाटेनं, म्हणजे कंप्रेसरच्या पात्यांमधून, उलटी येते. दाब उतरला की चाक परत हवा धरतं, परत सोडतं. डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात हे अनेकदा होतं. याला कंप्रेसर सर्ज म्हणतात. व्हिडिओत 'स्टुटुटुटु' असा जो आवाज ऐकता तो हाच.

यात दोन तोटे. एक, चाकावर आणि त्याच्या शाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर उलटसुलट धक्के बसतात. दोन, चाकाचा वेग मरतो. पुढचा गिअर टाकून पाय दिलात की टर्बोला पुन्हा खालून सुरुवात करावी लागते, म्हणजे लॅग.

डंप व्हॉल्व्ह म्हणजे त्या पाइपाला ठेवलेलं मागचं दार. आत पिस्टन किंवा रबरी डायफ्राम असतो, वर स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या बाजूला मॅनिफोल्डमधून आलेली बारीक नळी. बूस्ट (टर्बोनं चढवलेला दाब) चालू असताना दोन्हीकडे सारखाच दाब, त्यामुळे स्प्रिंग दार मिटून धरते. थ्रॉटल मिटला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो, नळीतून तो पिस्टन वर ओढतो, खालून कोंडलेली हवा ढकलते, दार उघडतं. हवा बाहेर गेली, चाक मोकळं फिरत राहिलं. काम एवढंच.

राहिला पिकअप. तुमच्या गाडीत हे दार कंपनीनं दिलेलं असणारच. त्याच्या जागी दुसरं चकचकीत दार लावल्यानं एका घोड्याचीही वाढ होत नाही. मूळ व्हॉल्व्ह गळका असेल, किंवा ईसीयू (इंजिनचा संगणक) रिमॅप करून बूस्ट इतकं वाढवलं असेल की मूळची स्प्रिंग ते धरू शकत नाही, तरच नव्याचा फरक जाणवतो. आणि तेव्हासुद्धा तो हरवलेली ताकद परत देतो, नवी देत नाही.

निळी_हॅचबॅक

वा, डोक्यात बसलं. धन्यवाद साहेब. पण मग वेस्टगेट म्हणतात ते काय? दुकानदार दोन्ही शब्द एकाच दमात वापरत होता.

प्रेसशॉप_पिंपरी

वेस्टगेट गरम बाजूला, सायलेन्सरकडे. तो एक्झॉस्टचा काही भाग टर्बाइनला (एक्झॉस्टनं फिरणाऱ्या चाकाला) टाळून सोडून देतो आणि बूस्ट ठरलेल्या मर्यादेत ठेवतो. पाय दाबलेला असताना त्याचं काम. डंप व्हॉल्व्ह गार बाजूला, आणि पाय उचलला की त्याचं काम. दुकानदाराला विचारा, कुठल्या बाजूला लावणार? उत्तरावरून कळेल पैसे द्यायचे की नाही ते.

लाल_डबा_प्रेमी

आमच्या एसटीला तर जन्मापासून डंप व्हॉल्व्ह आहे. स्टँडला लागली की 'फुस्स्'. आणि साइड पण आपोआप मिळते.

कोअर_असेंब्ली

@लाल_डबा_प्रेमी, गमतीत म्हणालात, पण हा गैरसमज खरोखर पसरलेला आहे. एसटीचा आणि ट्रकचा 'फुस्स्' एअर ब्रेकचा. ब्रेक सोडला की चेंबरमधली हवा बाहेर पडते, शिवाय टाकी भरली की एअर ड्रायर आपल्यातलं पाणी हवेबरोबर फेकतो. टर्बोशी त्याचा काडीचा संबंध नाही. गाडी उभी असतानाही तो आवाज येतो त्यावरूनच कळतं. माझ्याकडे टर्बो दुरुस्तीला येणारी पोरंसोरं सांगतात, "काका, ट्रकला असतो तसला आवाज पाहिजे." मी म्हणतो, बाबा, मग ब्रेकवाल्याकडे जा.

कॉव्हेंट्रीकर

इंग्लंडात या व्हॉल्व्हनं एक पिढी वेडी केली होती. कॉलिन मॅक्रेनं १९९५ साली सुबारू इंप्रेझातून जागतिक रॅली अजिंक्यपद घेतलं आणि निळी इंप्रेझा टर्बो हे इकडच्या पोरांचं स्वप्न झालं. गाडी घेतली रे घेतली की पहिला खर्च डंप व्हॉल्व्हवर. मी इथे आलो तोवर ती लाट जरा ओसरली होती, पण रविवारी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये जमणाऱ्या टोळक्यांत अजूनही ऐकू यायचं.

प्रेसशॉप यांनी छान लिहिलंय, एका गोष्टीची भर घालतो. ती हवा बाहेर सोडायची तर नेमकी कुठे? कंपनी बहुतेक वेळा ती परत कंप्रेसरच्या तोंडाशी नेऊन सोडते, म्हणजे बंद चक्कर. बाजारातला आवाजाचा व्हॉल्व्ह ती थेट वातावरणात सोडतो. सगळी मेख इथे आहे.

इंप्रेझासारख्या गाडीत एअर फिल्टरच्या मागे मास एअर फ्लो सेन्सर असतो. आत आलेली हवा तो मोजतो आणि ईसीयू त्या हिशोबात पेट्रोल सोडतो. मोजून झालेली हवा तुम्ही मध्येच बाहेर फेकली, तर ईसीयूला ते कळत नाही. पेट्रोल पूर्ण हिशोबाचं पडतं, हवा कमी. मिश्रण क्षणभर श्रीमंत. गिअर बदलताना गाडी अडखळते, सिग्नलला येता येता बंद पडते, मागून फाट् फाट् होतं. पोरांना वाटतं रॅलीची गाडी झाली. प्लग काळे होतात आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो भाग वेगळा.

ज्या गाड्यांत हवा न मोजता मॅनिफोल्डमधला दाब मोजतात, म्हणजे मॅप सेन्सरवर चालतात, तिथे हा घोळ बराच कमी. बऱ्याच छोट्या टर्बो पेट्रोल याच पद्धतीच्या. त्यामुळे धागाकर्त्याच्या गाडीत बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह कदाचित निमूट चालेलही. पण चालेल म्हणून लावायचा का, हा प्रश्न राहतोच.

भावा_कोल्लापूर

राहतोच कशाला? आवाज भारी वाटतोय, पैसे माझे, गाडी माझी. लोक लग्नात डीजे लावत्यात त्यानं काय नवऱ्याचा पिकअप वाढतोय व्हय? खुळ्यागत हिशोब घालत बसलाय सगळे.

उगाचच

@भावा_कोल्लापूर, या धाग्यावरचा सर्वात प्रामाणिक प्रतिसाद. +१

बोरघाट_वारी

मी थोडा उलटा सूर लावतो. सर्जनं टर्बो मरतो हे इंटरनेटवर जेवढं उगाळलं जातं तेवढं खरं नाही. जुन्या टर्बो शर्यतीच्या गाड्यांचे व्हिडिओ लावा, पाय उचलला की कंप्रेसर फडफडताना स्वच्छ ऐकू येतो. अमेरिकेतली ब्यूइक ग्रँड नॅशनल १९८७ पर्यंत असला व्हॉल्व्ह न देताच विकली गेली. लोक अजून चालवतात. मग तो नसला तर अनर्थ होतो, हे कुठून आलं?

शिवाय रॅलीवाल्यांनी लॅगचा प्रश्न निराळ्याच रीतीनं सोडवला. पाय उचलला तरी थोडी हवा आणि इंधन आत सोडायचं, ते एक्झॉस्टमध्ये जाऊन पेटतं आणि टर्बाइन फिरतं ठेवतं. अँटी-लॅग. १९९४ च्या टोयोटा सेलिका जीटी-फोरच्या रस्त्यावरच्या गाडीतही नियमासाठी त्याची सामग्री बसवलेली असायची, फक्त चालू नसायची.

कोअर_असेंब्ली

@बोरघाट_वारी, अर्धं मान्य. शिरोली एमआयडीसीत माझं टर्बो दुरुस्तीचं काम आहे, त्यामुळे मेलेले टर्बो रोज हातात असतात. ते कशानं मरतात विचाराल तर पहिला नंबर तेलाचा. तेल वेळेवर न बदलणं, स्वस्तातलं ओतणं, आणि घाट चढून आल्या आल्या ढाब्यावर इंजिन खाडकन बंद करणं. गरम बेअरिंगमधलं तेल तिथल्या तिथे जळून कोळसा होतं. दुसरा नंबर फाटक्या एअर फिल्टरचा. धूळ आत गेली की कंप्रेसरच्या पात्यांच्या कडा घासून जातात. केवळ पाय उचलल्यावरच्या सर्जनं मेलेला टर्बो क्वचित येतो.

पण ब्यूइकचं उदाहरण इथे नीट बसत नाही. ती ऑटोमॅटिक. गिअर बदलताना पाय उचलायचा प्रश्नच नाही, थ्रॉटल धाडकन मिटतोय कधी? मॅन्युअल गाडीत पुणे-मुंबई जुन्या रस्त्यानं गेलात तर लोणावळ्यापर्यंत किती वेळा मिटतो मोजा.

आणि सर्ज दोन प्रकारचा. पाय उचलल्यावरचा क्षणाचा असतो, थोड्या बूस्टवर टर्बो तो सोसतो. पूर्ण पाय दाबलेला असताना, कमी आरपीएमला, इंजिन पिऊ शकत नाही इतकी हवा मोठा टर्बो देतो तेव्हाही सर्ज होतो. हा खरा घातक, कारण तेव्हा भार पूर्ण असतो आणि तो चालूच राहतो. त्यावर डंप व्हॉल्व्हचा उपयोग शून्य, कारण मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूमच नाही, तो उघडणार कसा? छोट्या गाडीला मोठा टर्बो बसवणाऱ्यांनी हे वाचून ठेवा.

बोरघाट_वारी

ऑटोमॅटिकचा मुद्दा मान्य. पण "क्वचित येतो" हे तुम्हीच म्हणालात, ते मी फ्रेम करून लावणार.

वऱ्हाडी_ठेचा

अमरावतीहून रामराम. माह्या भाच्यानं डिझेल गाडीले लावला ना हा डबा. म्हणे मामा, टर्बोले लय आराम पडते. आता गाडी काया धूर सोडते अन् चढावर दम टाकते. पेट्रोलच्या गाडीचं समजलं, पण डिझेलले याची गरज असते का नाही ते सांगा बावा. मी त्याले सांगतो तर तो म्हणते तुमाले समजत नाही.

प्रेसशॉप_पिंपरी

भाऊ, भाच्याला हा प्रतिसाद दाखवा.

डिझेल इंजिनात ताकद हवेनं नाही, इंधनानं कमी-जास्त करतात. हवेची वाट कायम उघडी. पाय उचलला की इंजेक्टर डिझेल बंद करतात, पण सिलिंडर हवा ओढतच राहतात. म्हणजे पुढचं दार मिटतच नाही, मग कोंडी कसली आणि मागचं दार कशाला? एक्झॉस्टमधली उष्णता कमी झाली की टर्बो आपोआप मंदावतो. एवढे ट्रक, ट्रॅक्टर, बसेस टर्बो डिझेलवर पळतात, एकालाही डंप व्हॉल्व्ह नसतो.

दुसरी गंमत अशी की डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही, त्यामुळे साधा व्हॉल्व्ह तिथे उघडतच नाही. म्हणून डिझेलच्या किटमध्ये पॅडलला एक स्विच आणि विजेवर उघडणारी झडप देतात. पाय हलला की स्विच दबला, मेहनतीनं दाबलेली हवा बाहेर. पुन्हा पाय दिला की बूस्ट शून्यापासून. झडप नीट मिटली नाही तर हवा कायमच गळते, डिझेलला पुरत नाही, आणि काळा धूर. भाच्याची गाडी नेमकं हेच करत असणार. डबा काढा, मूळचा पाइप लावा, क्लिप घट्ट करा.

नियमावर_बोट

छोटीशी दुरुस्ती. आताच्या डिझेल इंजिनांतही इनटेकला झडप असते. ईजीआरला (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेला) मदत करायला, डीपीएफ (काजळीचा फिल्टर) साफ करताना तापमान चढवायला, आणि इंजिन बंद करताना धक्का बसू नये म्हणून. त्यामुळे "हवेची वाट कायम उघडी" हे विधान काटेकोर नाही.

प्रेसशॉप_पिंपरी

बरोबर. पण ती पायाच्या हुकमावर चालत नाही आणि गिअर बदलताना पेट्रोलसारखी मिटत नाही. मूळ मुद्दा कायम. तुमचं सदस्यनाव सार्थ आहे.

वऱ्हाडी_ठेचा

भाच्याले वाचून दाखवलं. म्हणते, आवाज गेला तर दोस्त हासतीन. काय करता आता.

उगाचच

भाच्यासाठी उपाय आहे. सायलेन्सरच्या तोंडात बसवायची अ‍ॅल्युमिनियमची शिट्टी ऑनलाइन मिळते, 'टर्बो व्हिसल' नावानं. धूर तिच्यातून गेला की शीळ वाजते. मारुती ८०० सुद्धा टर्बो होते. आमच्या इथे एकानं अ‍ॅक्टिव्हाला लावली होती, देवाशप्पथ.

फिनिशलाइन

मोटरस्पोर्टचं निघालंच आहे तर थोडं अवांतर. फॉर्म्युला वनमध्ये ऐंशीच्या दशकात 'पॉप-ऑफ व्हॉल्व्ह' होता. अनेकांना तो डंप व्हॉल्व्हच वाटतो, पण उद्देश वेगळा होता. टर्बोंची ताकद आवरेना, म्हणून १९८७ साली प्रत्येक टर्बो इंजिनावर हा व्हॉल्व्ह सक्तीचा झाला. दाब ४ बारच्या वर गेला की तो उघडून हवा सोडून द्यायचा. १९८८ मध्ये मर्यादा २.५ बारवर आणली आणि १९८९ पासून २०१३ पर्यंत टर्बोच बंद. हवा हवी तेवढी दाबा, मर्यादेपलीकडची आम्ही सोडून देणार, असा हा कायद्याचा व्हॉल्व्ह. तरीही १९८८ च्या १६ पैकी १५ शर्यती मॅक्लारेन-होंडानं टर्बोवरच जिंकल्या, आणि उरलेली एक फेरारीनं, तीही टर्बोवर!

अमेरिकेत इंडी गाड्यांनाही असाच व्हॉल्व्ह असायचा. १९९४ च्या इंडियानापोलिस ५०० ला तर नियमातल्या फटीनं कहर केला. जुन्या धाटणीच्या पुशरॉड इंजिनांना बाकीच्यांपेक्षा जास्त बूस्टची सवलत होती, इतरांना ४५ इंच पारा तर त्यांना ५५. पेन्स्केनं मर्सिडीजच्या नावाचं इंजिन गुपचूप खास त्या एका शर्यतीसाठी बनवून आणलं आणि अल अन्सर ज्युनियर जिंकला.

बोरघाट_वारी

अवांतरावर अवांतर. १९६२ सालच्या ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेवरोले कोर्व्हेअर या अमेरिकी टर्बो गाड्यांत कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी होता. म्हणजे झडप कंप्रेसरच्या अलीकडे. पाय उचलला की कंप्रेसरला येणारी हवाच बंद, मग पुढे कोंडी होणार कशी? त्यांना डंप व्हॉल्व्हची गरजच नव्हती. प्रेसशॉप यांचा मुद्दा यातून आणखी पक्का होतो. प्रश्न टर्बोचा नाहीच, झडप टर्बोच्या कुठल्या बाजूला आहे याचा आहे.

प्रेसशॉप_पिंपरी

हे मला सुचायला हवं होतं. सुंदर.

वकिलीण_बाई

आता रसभंग करते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतं. रस्त्यावरचा हवालदार बॉनेट उघडून डंप व्हॉल्व्ह शोधत बसेल असं मला वाटत नाही, त्याचं लक्ष सायलेन्सरकडे असतं. पण चौकात आवाज काढलात तर तुम्हीच त्याला बॉनेटकडे बोलावताय. आणि वॉरंटीतल्या गाडीचा टर्बो उद्या गेला, तर सर्व्हिस सेंटरवाला आधी तो चकचकीत डबा बघेल आणि मग हात वर करेल.

भावा_कोल्लापूर

ताई, वॉरंटीचं पटलं. म्हाराजांच्या पायाची आण, वॉरंटी संपल्यावरच लावतो.

निळी_हॅचबॅक

मंडळी, रविवारी बॉनेट उघडलं. टर्बोच्या गार बाजूला, गोगलगायीसारख्या त्या घराला चिकटून, तीन बोल्टचं काळं प्लास्टिकचं झाकण आहे आणि त्यात दोन वायरींचा सॉकेट. बारीक रबरी नळी कुठेच सापडली नाही. हाच का तो?

कोअर_असेंब्ली

हाच. तुमचा व्हॉल्व्ह विजेवरचा आहे. व्हॅक्यूमची वाट न बघता ईसीयू स्वतः उघडतो, थ्रॉटल मिटायच्या बेतात असतानाच. हवा टर्बोच्या घरातल्या घरातच मागच्या बाजूनं पुढच्या बाजूला येते, बाहेर पाइपसुद्धा नाही. म्हणून ऐकू येत नाही. ऐकायचंच असेल तर काच खाली करून एखाद्या लांब भिंतीच्या कडेनं तिसऱ्या गिअरमध्ये जरा ताणा आणि पाय सोडा. हलकासा 'प्श्' येईल. आधी माणसं नाहीत ना बघा.

दुकानदार आता तुम्हाला व्हॉल्व्हच्या खाली बसवायची चकती दाखवेल, बाजूला भोकं असलेली. थोडी हवा तिथून बाहेर जाते आणि आवाज येतो. त्यात अ‍ॅल्युमिनियम आहे, पिकअप नाही.

निळी_हॅचबॅक

ऐकला! इतके दिवस तो आवाज एसीचा समजत होतो. सीट कव्हरवाल्याला नकार कळवला आहे. तो म्हणाला, "मग कोन फिल्टर टाका साहेब, आवाज फुकट मिळंल."

प्रेसशॉप_पिंपरी

नका टाकू. उघडा कोन (शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर) इंजिनची गरम हवा ओढतो, आणि आपल्या रस्त्यांवरची धूळ गाळण्यात मूळच्या कागदी फिल्टरपेक्षा बहुतेकदा कमी पडतो. कोअर_असेंब्ली यांनी दुसऱ्या नंबरावर काय सांगितलं ते पुन्हा वाचा.

पसरणीचा_चढ

उशिरा आलो, पण एक उपयोगी अनुभव. माझी जुनी टर्बो पेट्रोल सेडान पसरणी घाटात अचानक मरगळली. चेक इंजिनचा दिवा, स्कॅनरवर पी०२९९, म्हणजे बूस्ट कमी. एका गॅरेजनं टर्बो गेला म्हणून सांगितलं, रक्कम ऐकून मी पायरीवर बसलो. वाईतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं आधी डायव्हर्टर व्हॉल्व्ह (म्हणजे कंपनीचा, हवा परत आत सोडणारा डंप व्हॉल्व्हच) काढला. आतला रबरी डायफ्राम कडेनं फाटला होता. बूस्ट तयार होत होतं आणि फटीतून परत टर्बोच्या तोंडाशी जात होतं. सुटा भाग बदलला, गाडी पूर्ववत. टर्बो बदलायला निघालेल्यांनी आधी इंटरकूलरचे पाइप आणि हा व्हॉल्व्ह तपासावा.

वऱ्हाडी_ठेचा

तपासाचा कसा पण? घरी होते का?

पसरणीचा_चढ

नळीवाला असेल तर होतो. व्हॉल्व्ह काढून घ्या, वरच्या बारीक तोटीला स्वच्छ नळी लावून तोंडानं हवा ओढा आणि जिभेनं नळी मिटवा. पिस्टन वर सरकला पाहिजे आणि जीभ काढेपर्यंत वरच राहिला पाहिजे. हळूहळू खाली आला तर डायफ्राम फाटलाय. हातपंप असेल तर उत्तम, चव लागत नाही. विजेवरच्याला हे चालत नाही, त्याला स्कॅनरवरून उघडबंद करून टिकटिक ऐकावी लागते.

कोअर_असेंब्ली

आणि परत बसवताना बारीक नळीही बदला. कडक होऊन टोकाला चिरते, ती चीर दिसत नाही आणि दोष व्हॉल्व्हवर जातो. नवी घेताना जाड भिंतीची व्हॅक्यूमचीच मागा. इथे बरेच जण माशांच्या टाकीची पारदर्शक नळी लावून पाठवतात. ती इंजिनच्या उष्णतेनं मऊ पडते आणि व्हॅक्यूम आला की चपटी होऊन मिटते, मग व्हॉल्व्ह उघडतच नाही.